ओसरीवरून : भर समुद्रात वळलेलं जहाज



खटाव तालुक्यातल्या एका माउलीचं पत्र गेल्या महिन्यात आलं. अक्षर सुरेख, वहीच्या पानावर लिहिलेलं. मजकूर थोडक्यात असा : धाकटा मुलगा बारावी सायन्स झाला. बोटीवरच्या शिक्षणासाठी त्याची निवड झाली आहे. एक वर्ष कॉलेजात आणि पुढे दीड वर्ष बोटीवर शिकाऊ म्हणून काढायचं. मुलाला लहानपणी बाळदमा होता. दहाव्या वर्षापासून पुन्हा काही नाही. डॉक्टरी तपासणीत हे सांगावं का? चुलत दीर म्हणतात, गप बसा, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि दुसरी काळजी अशी की पाण्यात पोरगं आजारी पडलं तर त्याला बघणार कोण?

हे पत्र मी महिनाभर फडताळात ठेवलं. उत्तर माहीत नव्हतं म्हणून नव्हे. त्या चुलत दिराच्या जागी मी स्वतः एकदा बसलो होतो, ते लिहायचं धाडस होत नव्हतं. परवा आक्का घरी आली होती. तिला विचारलं, तिनं मान हलवली, म्हणून आज लिहितो आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कोरेगाव तालुक्यात वसनेच्या काठी तिचं सासर. साडेतीन एकर रान, दीड एकर ऊस, बाकी आलं आणि घेवडा. तिचा मुलगा, माझा भाचा, बोटीवर जायचं म्हणाला तेव्हा घरात कुणाला धड कळेना की म्हणजे काय करायचं. आपल्या साताऱ्याला फौज ठाऊक आहे. अपशिंग्याचं नाव काढलं की छाती फुगते, साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ सालची, देशातली पहिली. पण समुद्र आपला नव्हे. कुंभार्लीचा घाट उतरून चिपळुणाला जाऊन आलेला माणूससुद्धा समुद्र बघून आलो असं सांगतो. आपलं म्हणावं असं समुद्राला जातं ते पाणीच. कृष्णेचं पूर्वेला, आणि कोयनेचं वीज करून झाल्यावर वाशिष्ठीतून पश्चिमेला.

तरी आता पोरं जाऊ लागली आहेत. सातारा-सांगलीकडची कितीतरी मुलं आज मालवाहू बोटींवर आहेत. कुणी खलाशी, कुणी इंजिनखात्यात, कुणी अधिकारी व्हायला शिकाऊ. शिक्षणाचा खर्च काही लाखांत जातो. दाजींनी एक एकर गहाण टाकलं. हे सांगायचं कारण पुढे येईल.

तर तपासणी. बोटीवर जाणाऱ्या मुलाची तपासणी नौवहन खात्याने मान्य केलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते. डोळे, कान, रक्त, लघवी, छातीचा फोटो, आणि एक लांबलचक कागद. पूर्वी कुठलं दुखणं झालं होतं का, हो का नाही. आमच्या भाच्याच्या पोटात त्या वर्षात दोनदा दुखून गेलं होतं. एकदा दिवाळीत, एकदा यात्रेच्या जेवणानंतर. आक्कानं ओवा चावायला दिला, बेंबी सरकली असेल म्हणून शेजारच्या म्हातारीनं पोट चोळलं, दुसऱ्या दिवशी पोरगं उठून पाणी पाजायला गेलं. तपासणीच्या आदल्या रात्री तो माझ्याकडे मुक्कामाला होता. त्यानं विचारलं, "मामा, पोटाचं लिहू का?" मी म्हणालो, "त्यात काय लिहायचंय? पोट कुणाचं दुखत नाही? एवढ्यासाठी नापास झालास तर एकर कोण सोडवणार?"

तीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस मी.

तो पास झाला. पहिल्या बोटीवर चढला. सात महिने नीट गेले. मग ब्राझीलच्या सांतोस बंदरात त्यांनी कच्ची साखर भरली. हो, साखरच. तिथे उसाचे मळे किती मैल पसरलेत याची वर्णनं त्यानं फोनवर आपल्या बापाला सांगितली, दाजी दोन दिवस तेच बोलत होते. ती साखर घेऊन बोट आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून इंडोनेशियाकडे निघाली. बोटीवर एकंदर बावीस माणसं.

आता इथे आपल्या माउलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. बोटीवर डॉक्टर असतो का? बहुतेक मालवाहू बोटींवर नसतो. शंभर किंवा अधिक माणसं असतील आणि तीन दिवसांपेक्षा लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच डॉक्टर ठेवायचा, असा जगभरचा नियम आहे. बावीस माणसांच्या बोटीवर मग असतं काय? एक औषधांचं कुलूपबंद कपाट, एक खाट असलेली छोटी खोली, तिच्या दारावर 'हॉस्पिटल' असं रंगवलेलं. आणि औषधोपचाराचं शिक्षण घेतलेला एक अधिकारी, बहुधा सेकंड ऑफिसर. नकाशे बघणारा, मार्ग आखणारा तो हाच माणूस. टाके घालणं, सुई टोचणं, सलाईन लावणं त्याला शिकवलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं खास जहाजांसाठी छापलेलं जाडजूड पुस्तक कपाटात असतं. आमच्या खेड्यातल्या उपकेंद्रापेक्षा हे वाईट नाही, असं भाचा म्हणतो. यावर मी काही बोलत नाही.

दुखणं सुरू झालं ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी. बेंबीभोवती कळ, जेवणावर वासना नाही. समुद्र उसळलेला होता, म्हणून त्याला वाटलं बोट लागली असेल. दुसऱ्या दिवशी कळ उजवीकडे खाली सरकली. एकदा उलटी झाली. कुणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? मी नंतर त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, "मामा, आधी नाही म्हणून लिहिलं होतं ना. आता हो कसं म्हणायचं?"

तिसऱ्या दिवशी शिडी चढताना तो मध्येच वाकडा झाला. खाली सारंग उभा होता. डेकवरच्या खलाशांचा मुकादम तो सारंग. हा दापोलीकडचा, पन्नाशीचा माणूस. त्यानं पोराला उतरवलं, कपाळाला हात लावला आणि विचारलं, "कधीपासून?" पोरानं आजच म्हणून सांगितलं. सारंग म्हणाला, "चालतोस असा उजवी मांडी धरून, आणि आजच?" हाताला धरून त्यानं त्याला थेट कॅप्टनपुढे नेलं.

पुढचं काम दोरीवरून चालावं तसं झालं. सेकंड ऑफिसरनं ताप घेतला, एकशे एक. नाडी मोजली. मग उपग्रहाच्या फोनवरून डॉक्टर गाठला. ही सोय फार जुनी आहे, बहुतेकांना ठाऊक नसते. इटलीत रोम शहरात गुइदो गुइदा नावाच्या डॉक्टरनं १९३५ साली एक केंद्र काढलं. समुद्रावरच्या कुठल्याही देशाच्या जहाजाला बिनतारी यंत्रावरून फुकट वैद्यकीय सल्ला द्यायचा. बिनतारी संदेशाचा शोधकर्ता मार्कोनी त्याचा पहिला अध्यक्ष होता. ते केंद्र आजही चालू आहे, आणि अशी केंद्रं इतर देशांतही आहेत. पूर्वी कट्ट-कड करत संदेश जायचे, आता फोटोसुद्धा जातो.

पलीकडचा डॉक्टर विचारत होता, सेकंड ऑफिसर पोराच्या पोटावर हात ठेवून सांगत होता. कळ कुठे सुरू झाली? आता कुठे आहे? खोकल्यावर दुखतं का? पोट हळू दाबा आणि हात झटकन काढा. दाबताना जास्त दुखतं की सोडताना? सोडताना. जीभ कशी आहे? आणि शेवटचा प्रश्न : असं पूर्वी कधी झालं होतं का?

भाचा सांगतो, त्या खोलीत कॅप्टन दाराशी उभा होता आणि इंजिनाच्या धडधडीशिवाय आवाज नव्हता. तो म्हणाला, हो, दोनदा.

अपेंडिक्स, डॉक्टरनं सांगितलं. तोंडावाटे काही देऊ नका, पाणीसुद्धा बेतानं, सलाईन लावा, अमुक इंजेक्शन इतक्या तासांनी, आणि जवळचं बंदर गाठा.

आपल्या घरात असं पोट दुखलं की काय होतं ते आठवा. कुणी एरंडेल पाजतं, कुणी गरम विटेनं शेकतं, कुणी चोळतं. बेंबीपाशी सुरू होऊन उजव्या कुशीत उतरणारी कळ, जोडीला मळमळ आणि बारीक ताप, असं असेल तर या तिन्ही गोष्टी घातक. जुलाबाचं औषध आणि चोळणं यांनी सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं, मग पू पोटभर पसरतो. गळीत हंगामात फडावर एखादा ऊसतोड्या दोन दिवस कुशीवर पडून राहतो, मुकादमाची उचल डोक्यावर असते म्हणून बोलत नाही. समुद्र लागतोच असं नाही.

सगळ्यात जवळचं बंदर होतं मॉरिशस बेटाचं पोर्ट लुई. अंतर साडेपाचशे सागरी मैल, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. साताऱ्याहून निघून नागपूर ओलांडून रायपूर गाठावं इतकं. आणि भरलेल्या बोटीचा वेग तासाला तेरा मैल, आपल्या मैलात पंधरा. बेचाळीस तास. हेलिकॉप्टर इतक्या लांब येत नाही, किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरवर त्याचा पल्ला संपतो.

कॅप्टननं बोट वळवली. भाच्याला हे खाटेवर पडल्या पडल्या कळलं. खिडकीतून येणारं ऊन भिंतीवरून सरकत दुसऱ्या बाजूला गेलं, त्यावरून.

चाळीस-पन्नास हजार टनांचं जहाज एका शिकाऊ पोरासाठी वळतं, याचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. अशी बोट दिवसाला वीस-पंचवीस टन तेल जाळते. जायला दोन दिवस, परत मार्गाला लागायला निदान एक. वर बोटीचं रोजचं भाडं आणि साखर उशिरा पोचल्याची कटकट. तरी वळते. जहाजाच्या भाडेकरारात जीव वाचवण्यासाठी मार्ग सोडण्याची मुभा लिहिलेली असते, मालकाचा विमा असतो, आणि समुद्रावरची रीतच तशी आहे. मालकाला आधी विचारा असं तिथे नाही, अखेरचा शब्द कॅप्टनचा.

वळताच येत नसेल तर काय होतं याचीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ मध्ये 'सीड्रॅगन' नावाची अमेरिकन पाणबुडी शत्रूच्या समुद्रात होती. एकोणीस वर्षांच्या नाविकाचं अपेंडिक्स सुजलं. बंदर नाही, डॉक्टर नाही. व्हीलर लाइप्स नावाचा औषधं देणारा तरुण कर्मचारी होता, त्यानं शस्त्रक्रिया होताना पाहिल्या होत्या, स्वतः केलेली नव्हती. पाणबुडी खोल पाण्यात स्थिर ठेवून जेवणाच्या टेबलावर त्यानं ते पोट उघडलं. जखमेच्या कडा धरून ठेवायला वाकवलेले चमचे, आणि भूल द्यायला चहाची गाळणी. अडीच तास लागले. पोरगा जगला आणि दोन आठवड्यांत कामालाही लागला. पुढे १९४४ साली दुसऱ्या एका पाणबुडीबरोबर तो बुडाला, ती वेगळी कथा.

इकडे घरी काय चाललं होतं? कंपनीचा फोन रात्री नऊला आला. दाजी रानात, कारण शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. फोन आक्कानं घेतला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, तिला 'हॉस्पिटल' आणि 'घबराइए मत' एवढंच कळलं. तिनं मला फोन लावला. मी कंपनीशी बोललो, नीट विचारून घेतलं, तिला सगळं सांगितलं. पोटाचं आहे, अपेंडिक्स आहे, बोट बंदराकडे निघाली आहे. ती गप्प झाली. मग म्हणाली, "दिवाळीत दुखलेलं, तेच का रे?"

मी हो म्हणालो.

"तुला ठाऊक होतं की तपासणीत लिहिलं नव्हतं?"

त्याचंही उत्तर मला द्यावं लागलं. मग तिनं फोन ठेवला. त्या बेचाळीस तासांत ती माझ्याशी बोलली नाही. दाजी दोनदा येऊन गेले, चहा न घेता गेले.

पोर्ट लुईच्या बाहेर बोट पोचली ती भल्या सकाळी. परक्या बंदरात येणारं जहाज एक पिवळं निशाण चढवतं. आपल्याला वाटेल पिवळं म्हणजे रोगाचं. जुन्या काळी तसंच होतं. आता त्याचा अर्थ उलटा आहे : जहाजावर साथ नाही, बंदराशी व्यवहार करू द्या. करोनाच्या काळात, २०२० साली, कित्येक बंदरांनी आजारी खलाशालासुद्धा उतरू दिलं नव्हतं, हे ध्यानात घेतलं म्हणजे या परवानगीची किंमत कळते. भाच्याच्या बोटीला ती मिळाली. लहान लाँच आली, तिच्यात कंपनीचा तिथला एजंट आणि आरोग्याचा माणूस. पोराला स्ट्रेचरला बांधून क्रेननं खाली सोडलं. सारंगानं त्याची बॅग स्वतः भरली होती. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, चार कपडे, आणि वर एक विड्यांचं पाकीट, चुकून आपलंच टाकलेलं.

लाँच किनाऱ्याला लागेपर्यंत बोटीनं नांगर उचलला होता. भाचा म्हणतो, पोटात दुखत होतं त्यापेक्षा ते बघताना जास्त वाईट वाटलं. सात महिने ज्यात राहिलो ते घरच चालायला लागलं.

दुपारी शस्त्रक्रिया झाली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. एक दिवस उशीर होता तर बोलायला नको.

आता एक नवल. शुद्धीवर आल्यावर पोरगं कण्हत 'आई गं' म्हणालं. खाटेपाशी काम करणारी एक बाई थबकली. पन्नाशीची, सावळी, अंगावर दवाखान्याचा झगा. तिनं विचारलं, "मराठी?" भाच्याला वाटलं भुलीचा अंमल आहे. तिचं मराठी मोडकं, मध्येच त्यांची क्रिओल भाषा. तिचे खापरपणजोबा रत्नागिरीकडचे. मॉरिशसमध्ये मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इंग्रजांच्या अमदानीत उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या मजुरांची ती मुलंबाळं. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीसारखा नाच ते अजून गणपतीत करतात, त्याला झाकरी म्हणतात. शाळेत मराठी शिकायची सोय आहे. त्या मावशीनं पोराला घरून पेज आणून दिली. पुढे चार दिवसांनी डाळीचे वडे आणले, त्यांना तिथे 'गातो पिमाँ' म्हणतात. डॉक्टरनं ते काढून घेतले. पथ्यच तसं होतं.

दवाखान्यातून सुटल्यावर एजंटानं त्याला बंदराजवळ एका लॉजमध्ये ठेवलं. तिथून चालत जाण्यासारखं आहे 'आप्रवासी घाट'. १८३४ सालापासून मॉरिशसला साडेचार लाखांच्या वर मजूर हिंदुस्थानातून गेले, आणि १८४९ पासून ते या धक्क्यावर उतरले. सोळा पायऱ्या चढून आत जायचं. २००६ साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तिथे मजुरांच्या नोंदीच्या खोल्यांजवळच दवाखान्याच्या भिंतींचे अवशेष आहेत. म्हणजे वैद्यकीय तपासणी तेव्हाही होतीच, पण तिचा अर्थ वेगळा होता. आजारी जहाज धक्क्याला येऊ देत नसत. १८५६ साली कॉलऱ्याची लागण झालेल्या दोन जहाजांतल्या माणसांना गॅब्रिएल नावाच्या ओसाड बेटावर उतरवून ठेवलं. दोनशेच्या वर माणसं तिथे मेली. त्यांच्यासाठी कुणी जहाज वळवलं नव्हतं.

भाचा त्या पायऱ्यांवर बसून मला फोन करत होता. तिथली घड्याळं आपल्या दीड तास मागे. त्याच्याकडे उजेड होता, माझ्याकडे दिवेलागण झाली होती. म्हणाला, "मामा, कंपनीनं एक कागद पाठवलाय. पोट पूर्वी दुखत होतं का आणि तपासणीत का सांगितलं नाही, असं विचारलंय."

हा कागद म्हणजे काय ते प्रत्येक आईबापानं समजून घ्यावं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जगभरच्या खलाशांसाठी जिनिव्हात २००६ साली एक करार झाला, भारतानं तो २०१५ साली स्वीकारला. खलाशी कामावर असताना आजारी पडला किंवा जखमी झाला तर औषधपाणी, दवाखाना, राहणं-जेवण हा खर्च जहाजमालकाचा. देशाच्या कायद्यानं त्याला मर्यादा घातली तरी ती सोळा आठवड्यांच्या खाली नेता येत नाही. घरी पोचवणंही मालकाकडेच. बोट बंदरात असेल तर शक्य तिथे डॉक्टरला किंवा दाताच्या डॉक्टरला दाखवायचा हक्क. हे सगळं खरं. पण त्याच कराराच्या पोटात एक ओळ आहे : नोकरीला लागताना जे दुखणं जाणूनबुजून लपवलं, त्याची जबाबदारी मालकावरून काढता येते.

परदेशातली शस्त्रक्रिया, दवाखाना, लॉज, विमान. मी कागदावर बेरीज केली नाही, करवली नाही. दाजींचं दुसरं एकर नजरेसमोर आलं. तीन आठवडे आमच्या दोन्ही घरांत कुणी पोटभर जेवलं नसेल. मी भाच्याला सांगितलं, जे झालं ते लिही. दोनदा दुखलं, डॉक्टरला दाखवलं नाही, घरगुती उपाय केला, काही रोग आहे असं कुणी सांगितलं नव्हतं. मामाच्या सल्ल्यानं लिहिलं नाही हेही लिही. शेवटचं वाक्य त्यानं लिहिलं नाही. मला वाचवलं त्यानं. कंपनीनं मानलं की रोग ठाऊक असून लपवला असं नाही, आणि खर्च सोसला. मानलं नसतं तर भांडायला आमच्याकडे काय होतं?

किनारा जवळ असेल तर मात्र गोष्ट लवकर उरकते. १६ ऑगस्ट २०२३ च्या रात्री मुंबईपासून दोनशे किलोमीटरवर एका परदेशी संशोधन जहाजावरच्या चिनी माणसाच्या छातीत दुखू लागलं. आपल्या तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर अंधारात, खराब हवेत गेलं आणि त्याला उचलून घेऊन आलं. ४ एप्रिल २०२५ रोजी ओमानच्या पूर्वेला साडेतीनशे सागरी मैलांवर एका इराणी मचव्यावरच्या पाकिस्तानी खलाशाची बोटं इंजिनात चिरडली. आपल्या नौदलाच्या 'त्रिकंड' जहाजानं मार्ग बदलला, जहाजावरच्या डॉक्टरांनी तीन तास शस्त्रक्रिया करून ती बोटं वाचवायची खटपट केली आणि घरी पोचेपर्यंतची औषधं बांधून दिली. कोण कुठला हे समुद्रावर नंतर विचारतात. कोकणात सोयरे असलेल्या वाचकांनी एक आकडा लिहून ठेवावा : १५५४, तटरक्षक दलाचा मदतीचा फोन.

तर खटावच्या माउली, तुमच्या प्रश्नाकडे येतो. बाळदम्याचं सांगा. कागदावर लिहा, लहानपणचे डॉक्टर हयात असतील तर त्यांची चिठ्ठी घ्या, छातीच्या तज्ज्ञाकडून एकदा श्वासाची तपासणी करून तिचा अहवाल जोडा. नापास करतील का? करतीलही. ते मी नाही म्हणून सांगत नाही. कोळशाची, धान्याची, सिमेंटची धूळ बोटीवर असते, आणि दमा पुन्हा उसळला तर जवळचं बंदर बेचाळीस तासांवर असेल की चार दिवसांच्या, हे कुणाच्या हातात नाही. नापास झाला तर एक वर्ष जाईल आणि दुसरी वाट शोधावी लागेल. म्हणून फी भरायच्या आधी तपासणी करून घ्या, भरल्यानंतर नको. आम्ही उलटं केलं होतं, म्हणूनच त्या रात्री माझ्या तोंडातून एकराचं निघालं.

आणखी दोन गोष्टी. कॉलेज नौवहन खात्याच्या यादीत आहे का बघा. बोटीवर चढवून देणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल परवाना आहे का बघा. नुसतं ऑफिस मुंबईत आहे, भिंतीवर बोटीचं चित्र आहे, एवढ्यावर जाऊ नका. असल्या ऑफिसात पैसे घालवून परत आलेली पोरं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. मुलाच्या करारपत्रात आजारपणाचं कलम कसं लिहिलंय ते सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि निघताना लाडू-चिवड्याच्या डब्याबरोबर एक कागद द्या : रक्तगट, कुठलं औषध सोसत नाही, पूर्वीची दुखणी, घरचे दोन फोन, त्यातला एक हिंदी कळणाऱ्या माणसाचा.

आक्का आणि मी आता बोलतो. ती पंचमीला आली होती, तेव्हा पोळ्या लाटताना सहज म्हणाली, "चुकलं माझंही. ओवा मीच दिला." मी म्हणालो, ओव्यानं काही बिघडलं नव्हतं. त्यावर तिनं लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि मी विषय बदलला.

भाच्याला फिरून तपासणीला जावं लागलं, शिल्लक महिने पुरे करायला. या खेपेला मीही मुंबईला गेलो होतो, बाकावर बसून होतो. दार उघडं होतं. डॉक्टरांनी कागद पुढे ओढून पहिला प्रश्न विचारायच्या आत पोरानं सदरा वर केला आणि उजव्या कुशीतला व्रण दाखवला. "डॉक्टर, हे आधी लिहून घ्या," म्हणाला. "आणि दिवाळीत दुखलं होतं, तेही."